बुडालेल्या मजुरीसाठी वेतन दावा : एका मोफत सरकारी सेवेचे परीक्षण

२०२३च्या जानेवारीत नऊ बांधकाम कामगारांच्या बुडालेल्या मजुरीचा अर्ज आम्ही दाखल केला आणि २०२४च्या जूनमध्ये त्यांच्या बँक खात्यांत पैसे जमा झाले. मधल्या सतरा महिन्यांत ज्या दोन सेवांशी आमचा संबंध आला त्यांचे हे परीक्षण आहे. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ खाली मजुरीचे दावे ऐकणारा प्राधिकारी ही पहिली सेवा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळणारा मोफत वकील ही दुसरी. मी स्वतः वकील नाही. चौदा वर्षे निरनिराळ्या साइटवर टाइमकीपर म्हणून हजेरी लिहिली, आणि त्या ओळखीतून एक गवंडी मिस्त्री माझ्याकडे आला, एवढाच माझा अधिकार. कार्यालय, ठेकेदार आणि विकासक यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मला बोलायचे आहे ते सेवेबद्दल.

प्रकरण साधे होते. २०२२च्या ऑगस्टपासून नऊ आठवडे दोन गवंडी आणि सात बिगारी एका निवासी इमारतीवर राबले. गवंड्याचा रोज ९०० रुपये आणि बिगाऱ्याचा ६३० रुपये ठरला होता. दर शनिवारी खर्ची, म्हणजे मजुरीतली उचल, मिळे, गवंड्याला दीड हजार आणि बिगाऱ्याला हजार, आणि उरलेला हिशोब दिवाळीला चुकता करू असे ठेकेदार सांगत असे. बांधकामावर वावरलेल्या माणसाला ही पद्धत नव्याने सांगायला नको. मजुराची शिल्लक ठेकेदाराकडे पडून राहते आणि ती मागायची वेळ आली की 'वरून बिल निघालेले नाही' हे उत्तर तयार असते. दिवाळीच्या तोंडावर काम थांबले, बिल निघाले नाही, फोनही उचलला जाईना.

'भाऊ, पैसे बुडाले म्हणू का अडकले म्हणू?' असे मिस्त्रीने मला विचारले होते. कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कारण १९३६च्या अधिनियमात बेकायदा कापलेली मजुरी आणि उशिरा दिलेली मजुरी यांची भरपाई वेगवेगळी होती. कपातीसाठी प्राधिकारी कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शके, तर उशिरासाठी २००५च्या दुरुस्तीनंतर दीड हजार ते तीन हजार रुपये एवढीच. आमचे प्रकरण दुसऱ्या प्रकारात बसवले गेले. ते योग्य होते का, याबद्दल मला आजही शंका आहे.

ही सेवा निवडण्यापूर्वी आम्ही दोन चुकीची दारे ठोठावली, आणि वाचणाऱ्यांचे तेवढे हेलपाटे वाचावेत म्हणून ते सांगतो. पहिले दार पोलीस ठाण्याचे. तेथे हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे असे सांगून आम्हाला परत पाठवले. दुसरे दार इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे. मंडळ बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून शिष्यवृत्ती, वैद्यकीय साहाय्य, अपघाताची मदत अशा योजना चालवते. ठेकेदाराकडून मजुरी वसूल करून देणे हे त्याचे काम नाही. मात्र ती फेरी अगदीच वाया गेली असेही नाही. नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो, आणि आमच्यापैकी चौघांकडे असलेली नोंदणीची कार्डे पुढे ते बांधकाम कामगारच आहेत हे दाखवायला उपयोगी पडली.

मोफत वकिलासाठी अर्ज केला तेव्हा कागदपत्रांचा धसका घेण्याचे कारण नव्हते असे दिसून आले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. कलमातील अशा कोणत्याच गटात न बसणाऱ्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. आमच्या नऊ जणांत यांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रकारात बसला नाही असा एकही नव्हता. ज्यांना कार्यालय कोठे आहे हेसुद्धा ठाऊक नाही त्यांच्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अर्ज भरून देणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला बसवून, त्याच्या तोंडून हकिगत ऐकून, ती त्याच्याच शब्दांत लिहून घेतली. सरकारी कचेरीत बिगाऱ्याला कोणी खुर्ची दिली याचेच त्या दिवशी आमच्यात अप्रूप होते.

नेमलेल्या वकिलांबद्दल मात्र मी एकसारखे मत देऊ शकत नाही. पहिले वकील दोन तारखांना आलेच नाहीत आणि दोन्ही वेळा पुढची तारीख पडली. लेखी विनंती केल्यावर प्राधिकरणाने वकील बदलून दिले. अशी विनंती करता येते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या वकील तरुण होत्या, आणि त्यांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी केल्या. नऊ वेगळे अर्ज न करता, एकाच मालकाकडे एकाच काळात थकलेल्या मजुरीसाठी सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि पहिल्या वकिलांनी केलेली विस्कळीत मांडणी दुरुस्त करून घेतली. आणि ठेकेदाराबरोबर विकासकालाही प्रतिवादी केले. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० च्या कलम २१ प्रमाणे ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी अशी तरतूद तेव्हा होती. साइटवर सगळ्या ठेकेदारांची मिळून शंभरावर माणसे असल्याने हा कायदा लागू होण्याबद्दल वाद राहिला नाही. पुढे पैसे हाती आले ते या एका दुरुस्तीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दहावा एक माणूस मात्र अर्जातून गळला. सेंटरिंगचा मिस्त्री हजार रुपये रोजाने काम करत होता. महिन्याचे २६ दिवस धरले तर त्याची मजुरी २६ हजार होते, आणि २०१७पासून या अधिनियमाची मर्यादा महिना २४ हजार रुपयांची होती. ९०० रुपये रोजाचा गवंडी २३ हजार ४०० वर थांबून आत राहिला आणि शंभर रुपयांनी अधिक कुशल असलेला माणूस बाहेर पडला. त्याला औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ३३ सी (२) खाली कामगार न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागला.

आता हजेरीबद्दल, कारण या सेवेचा खरा कस तेथे लागतो. प्राधिकाऱ्यासमोर ठेकेदाराचे पहिले म्हणणे होते की ही माणसे आपल्याकडे कामालाच नव्हती. दुसऱ्या तारखेला ते बदलले आणि कामाला होती पण पैसे दिले आहेत असे झाले. त्याने आणलेले मस्टर, म्हणजे हजेरीपुस्तक, मी जवळून पाहिले. नऊ आठवड्यांच्या हजेऱ्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच बैठकीत भरलेल्या होत्या. पान कोठे ओले झालेले नव्हते, सिमेंटचा डाग नव्हता, खाडाखोड नव्हती. साइटवर राहिलेले मस्टर इतके गोरेगोमटे असू शकत नाही. त्यावर कडी म्हणजे रोज आपली सही ठसठशीत करणाऱ्या मिस्त्रीच्या नावापुढे अंगठा उमटवलेला होता. वकिलांनी मिस्त्रीला तेथेच कागद देऊन सही करायला सांगितले, आणि प्राधिकाऱ्यांनी मस्टर बाजूला ठेवले.

आमच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक, मिस्त्रीची दोनशे पानी वही, ज्यात हजेरी, खर्ची आणि त्या दिवशी कोणत्या मजल्यावर काय काम झाले याची एकेक ओळ होती. दुसरी, बिगारी काम करणाऱ्या एका बाईंनी भिंतीवरून काढून, सुरळी करून आणलेली दिनदर्शिका. त्यांना लिहिता येत नाही. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्राधिकाऱ्यांनी विचारले, 'बाई, या रेघा कसल्या?' त्यांनी उत्तर दिले, 'साहेब, आडवी रेघ म्हणजे पुरता दिवस, तिरकी म्हणजे अर्धा, आणि फुली म्हणजे खर्ची घेतली.' प्राधिकाऱ्यांनी दिनदर्शिका टेबलावर पसरून, चारही कोपऱ्यांवर फायली ठेवून, एकेक रेघ स्वतः मोजली. मिस्त्रीच्या वहीत बाईंचे ५४ दिवस होते. दिनदर्शिकेत साडेत्रेपन्न भरले, कारण एका दिवशी दुपारी त्या तापाने घरी गेल्या होत्या आणि मिस्त्रीने पुरती हजेरी लावली होती. त्यांचे ३१५ रुपये कमी झाले. परंतु स्वतःच्या विरुद्ध जाणारी नोंद ठेवणाऱ्या त्या दिनदर्शिकेशी बाकीच्या सगळ्या तारखा जुळल्यामुळे वहीही टिकली.

ओव्हरटाइमचे गणित अधिक अवघड होते. तीन स्लॅब रात्री उशिरापर्यंत चालले होते आणि प्रत्येक वेळी नऊ तासांपलीकडे सहा तास काम झाले होते. बांधकाम कामगारांच्या १९९६च्या अधिनियमातील कलम २९ प्रमाणे त्याचा दर दुप्पट असे; ६३० रुपयांच्या रोजाला नऊने भागले तर तासाचे ७० होतात, म्हणजे जादा तासाचे १४०. पण रात्री किती वाजेपर्यंत काम झाले हे सिद्ध कसे करायचे? येथे माझी जुनी नोकरी कामाला आली. तयार काँक्रीटच्या प्रत्येक गाडीबरोबर चलन येते आणि त्यावर प्लांटमधून गाडी निघाल्याची वेळ असते. विकासकाला त्या तीन तारखांची चलने हजर करायला सांगावे असे मी वकिलांना सुचवले. शेवटच्या गाड्यांच्या वेळा रात्री दहानंतरच्या निघाल्या, आणि काँक्रीट ओतायला माणसे नव्हती असे कोणीच म्हणू शकले नाही. ठेकेदाराने प्रत्येक स्लॅबला माणशी दोनशे रुपये 'चहापाण्याला' दिले होते. ते आम्ही नाकारले नाही आणि ते वजा झाले.

भत्त्यांच्या बाबतीत मात्र आमच्या पदरात काही पडले नाही. कामावर येताना बसभाडे आणि भाड्याच्या खोलीचा अर्धा खर्च देण्याचे कबूल झाले होते, पण ते तोंडी. त्याला वहीत ओळ नव्हती, फोनवर संदेश नव्हता, दुसरा साक्षीदार नव्हता. प्राधिकाऱ्यांनी ही मागणी फेटाळली आणि त्यात त्यांची चूक होती असे मला म्हणता येत नाही. परराज्यातून मुकादमामार्फत आणलेल्या कामगारांची स्थिती त्या वेळी निराळी होती, कारण १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमात विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता थेट कायद्यानेच दिलेले होते. आमचे नऊही जण राज्यातलेच, शेजारच्या जिल्ह्यांतून आलेले.

तिसऱ्या तारखेला ठेकेदाराने बाहेरच्या व्हरांड्यात एक लाख रोख देऊन प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली. दोघा बिगाऱ्यांना ते घ्यावे असे वाटत होते, आणि मी त्यांना दोष देत नाही. एकाच्या मुलीचे लग्न ठरले होते. मागणी होती २ लाख ७० हजार १८० रुपयांची. वकिलांनी निर्णय त्यांच्यावर सोपवला आणि बाहेर जाऊन बसल्या. अर्ध्या तासाने नऊ जणांनी नकार दिला. या सेवेतील सर्वांत मोठा धोका मला येथेच दिसतो. कायद्याप्रमाणे दावा शक्यतो तीन महिन्यांत निकाली निघावा; आमच्या दाव्याला तेरा महिने लागले, आणि जितक्या तारखा वाढतात तितकी अशी तडजोड ठेकेदाराला स्वस्त पडत जाते. अकरा तारखा झाल्या. प्रत्येक वेळी निदान दोघे हजर राहिले. एका बिगाऱ्याचा रोज धरूनही त्या खाड्यांचे १३ हजार ८६० रुपये होतात. वकिलाची फी शून्य होती, पण सेवा फुकट होती असे म्हणताना हा आकडा सोबत ठेवावा.

२०२४च्या फेब्रुवारीत आदेश झाला. थकीत मजुरी २ लाख ४५ हजार २५, ओव्हरटाइम १९ हजार ४४० आणि माणशी दोन हजारांप्रमाणे १८ हजार भरपाई, असे मिळून २ लाख ८२ हजार ४६५ रुपये. आदेशाची भाषा स्वच्छ होती आणि कोणाचे किती हा तक्ता सोबत जोडलेला होता; मस्टर का नाकारले याला एक पूर्ण परिच्छेद दिला होता. ठेकेदाराने अपील केले नाही. मालकाला या अधिनियमाखाली अपील करायचे तर आदेशातील रक्कम आधी जमा करावी लागे, हे त्याचे कारण असावे.

आदेश हातात आला म्हणजे पैसे आले, असा आमचा समज चार महिने टिकला नाही. वसुली ही या सेवेची सगळ्यात लंगडी बाजू आहे. रक्कम दंडाप्रमाणे वसूल करण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा नोटीस, आणि ठेकेदाराचा पत्ता तीनदा बदललेला. शेवटी विकासकाकडे ठेकेदाराच्या बिलांतून राखून ठेवलेली अनामत शिल्लक होती. वसुलीची नोटीस त्याच्या कार्यालयात पोहोचल्यावर त्याने तिच्यातून रक्कम भरली. विकासक प्रतिवादी नसता तर आमच्याकडे एक सुवाच्य आदेश आणि एक बंद फोन नंबर उरला असता.

मुकादमाबद्दल थोडे विषयाच्या कडेने. त्याने माणशी रोज वीस रुपये आपले म्हणून कापले होते. ते आमच्या मागणीत नव्हते, कारण कामगारांनाच त्यात काही वावगे वाटत नव्हते. मला मात्र १९८२च्या एशियाड कामगारांच्या खटल्याची आठवण झाली. दिल्लीत त्या स्पर्धांच्या बांधकामावर किमान वेतन रोजचे ९ रुपये २५ पैसे होते आणि जमादार त्यातला एक रुपया कमिशन म्हणून ठेवून घेत. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीची मजुरी ठरवली. आमच्या मुकादमाचे वीस रुपये त्या व्याख्येत बसतात की नाही हे त्या त्या कामाच्या किमान दरावर अवलंबून राहील, पण प्रश्न विचारायला हवा होता आणि आम्ही तो विचारला नाही.

आज हाच दावा नव्याने करणाऱ्याला काही गोष्टी वेगळ्या दिसतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्यात २४ हजारांसारखी मर्यादा नाही, त्यामुळे सेंटरिंगचा मिस्त्री गळणार नाही. दाव्याची मुदत एक वर्षावरून तीन वर्षांवर गेली आहे. काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करावा लागतो. भरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ने मालकावर टाकली आहे. ही शेवटची तरतूद मोठी आहे, तरी तिच्या भरवशावर वही बंद करू नये असे मी सांगेन. ठेकेदार 'हा माझा माणूसच नाही' म्हणाला की आधी आपण त्याच्याकडे कामाला होतो हे दाखवावेच लागते. आंतरराज्य कामगारांचा विस्थापन भत्ता मात्र नव्या संहितांमध्ये उरलेला नाही. प्रवास भत्ता आहे.

सेवा वापरावी का, असे कोणी विचारले तर वापरावी, पण एकट्याने जाऊ नये. निदान चार-पाच जणांनी मिळून एक अर्ज करावा आणि मूळ मालकाला पहिल्या दिवसापासून प्रतिवादी करावे. वकील दोनदा गैरहजर राहिले तर तिसऱ्या तारखेची वाट न पाहता बदलून मागावेत. सुनावणी घेणाऱ्या प्राधिकाऱ्यांना मी पाचपैकी चार गुण देईन. मोफत वकिलाच्या सेवेला पहिल्या वकिलांमुळे तीन. वसुलीला एक, आणि तोही विकासकाच्या अनामतीमुळे.

सेंटरिंग मिस्त्रीचा अर्ज अजून कामगार न्यायालयात आहे. हक्कच आधी सिद्ध नाही तेव्हा रक्कम मागता येत नाही, अशी ठेकेदाराच्या वकिलांनी हरकत घेतली असून तिच्यावर युक्तिवाद व्हायचा आहे. बाईंची दिनदर्शिका पहिल्या दाव्याच्या फायलीत जमा आहे. सेंटरिंग मिस्त्रीला तिची प्रमाणित प्रत हवी आहे, आणि एवढ्या मोठ्या कागदाची प्रत कोणत्या यंत्रावर काढायची यावर कचेरीत सध्या विचार चालू आहे.